दाराजवळचा कॅन

मी संशयी आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. भाजीवालीच्या काट्याखाली वाकून बघणारी, पाहुणा "सहजच आलो" म्हणाला की याचं नेमकं काय काम असेल याचा अंदाज बांधत बसणारी. बाबा म्हणायचे, "हिले दुधात आधी माशीच दिसते." मी म्हणायचे, असते म्हणून दिसते.

बाबांचं नेमकं उलट. माणूस समोर बसून हसून बोलला की त्यांच्या लेखी तो आपला झाला. एवढ्या भोळ्या माणसाला लोकांनी पुढारी कसं केलं याचं मला लहानपणी नवल वाटायचं. पण केलं खरं. आमची बौद्धांची वस्ती गावाच्या पूर्वेला. विहाराचं बांधकाम असो, कुणाची सोयरीक अडलेली असो, की दोन भावांचं बांधावरून वाजलेलं असो, माणसं आधी आमच्या गोठ्यात यायची, कारण बाबा तिथेच सापडायचे. म्हशीच्या पाठीवरून खरारा फिरवत ते सगळं भांडण ऐकून घ्यायचे आणि ऐन रंगात आल्यावर म्हणायचे, "थांब, आधी इले पाणी पाजू दे." म्हैस पाणी पिऊन होईपर्यंत भांडणाऱ्यांचा निम्मा राग उतरलेला असायचा. गावात दूध संस्था निघाली तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्न आला, आणि अध्यक्षपद बाबांकडे आलं ते कायमचं.

ते आलं त्याला एक माणूस कारण होता. त्यांना आम्ही काका म्हणायचो. काका गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले, बाबांचे शाळेतले दोस्त. वस्तीतला माणूस डेअरीचा अध्यक्ष होणार म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली, तेव्हा काका चावडीसमोर उभे राहून म्हणाले होते, "म्हशी त्याच्या, मेहनत त्याची, मंग खुर्ची काऊन नाई?" आणि नुसतं बोलून थांबले नाहीत, रस्त्यालगतची आपली खोली त्यांनी डेअरीला दिली. ते वाक्य बाबांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की भाकरी थापता थापता आई ते त्यांच्याआधी पूर्ण करायची. रोज संध्याकाळी बाबा काकांच्या ओट्यावर जाऊन बसत. वस्तीतल्या पोरांनी टोमणा मारला तर म्हणत, "साऱ्या गावाचं मले मालूम नाई. ते घर माहं हाय."

माझं सासर खामगावचं. त्या वर्षी पोळ्याच्या आधी आई गोठ्यात ओल्या शेणावरून घसरली, मनगट मोडलं आणि हात प्लास्टरात गेला. लोक बाबांना दूधवाले अध्यक्ष म्हणत असले तरी धारा आईच काढायची. म्हशींना तिचाच हात माहीत, आणि तिच्यानंतर माझा, कारण लग्नाआधी मीही तेच करत होते. मी बॅग भरून माहेरी आले. धारा काढायच्या, दावणीत कुटार टाकायचं, सरकीची ढेप भिजवायची आणि किटली घेऊन डेअरीवर जायचं, असा माझा दिनक्रम सुरू झाला.

डेअरीत दूध मोजून घ्यायला सचिव बसायचे. माप करायचे, फॅट बघायचे, मग दूध कॅनमध्ये ओतायचे. आत भिंतीशी कॅनची रांग, ते गाडीत चढून शहरात जायचे. एक कॅन मात्र दाराजवळ असायचा. त्यातलं दूध गावातच विकलं जायचं. चहाच्या हॉटेलात, मास्तरांच्या घरी, आणि ज्यांच्या गोठ्यात आता जनावर उरलं नव्हतं त्यांच्याकडे. काकांचं घर त्यातलंच. पोरं पुण्याला गेली, म्हशी विकल्या, तेव्हापासून त्यांच्याकडेही दाराजवळच्या कॅनमधलंच दूध जायचं.

आमचं दूध कधीच त्या कॅनमध्ये पडलं नाही.

आधी मला वाटलं, रांगेचा प्रश्न असेल. मी सगळ्यांत आधी जाऊन बघितलं. दाराजवळचा कॅन रिकामा होता, तरी सचिव माझं माप घेऊन आत भिंतीपर्यंत चालत गेले. दुसऱ्या वेळी मुद्दाम शेवटी गेले. तेव्हाही आतच. मी विचारलं, तर ते गोड हसले. "तुमचं दूध लय घट्ट बाई! गाडीले चांगलंच दूध धाडा लागते, नाई तं वरून बोलणे बसतात."

स्तुतीच होती. पण स्तुती ऐकली की आधी खिसा चाचपायचा, ही माझी जुनी सवय. दुसऱ्या दिवशी मी वस्तीतल्या एका मावशीच्या मागे उभी राहिले. तिच्या गाईचं दूध इतकं पातळ की किटलीचा तळ दिसावा. तेही आतल्याच कॅनमध्ये गेलं. मग मी रोज कुणाच्या ना कुणाच्या मागे उभी राहू लागले. वस्तीचं दूध आत, बाकी गावाचं कुठेही. घट्ट-पातळचा काही संबंध नव्हता.

मी बाबांना सांगितलं. ते म्हशीच्या खुरातला खडा काढत होते, मान वर न करता म्हणाले, "अवं, अध्यक्षाचं दूध येगळं काढाची कोणाची हिंमत हाय? मी सोता तिथं बसतो."

"बसता, पण पाहत नाही."

"तुले सगळीकडं काळंबेरंच दिसते," ते चिडून म्हणाले आणि खडा फेकून निघून गेले.

आई हात गळ्यात अडकवून दारात उभी होती. बाबा लांब गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मले मालूम हाय ते. लय दिवसापासून."

मला तिचाच राग आला. "मंग बोलली काऊन नाई?"

"कोणाले बोलू? सचिवाले? तो उद्या मापात खोट काढन. आन् तुह्या बाबाले सांगतलं तं ते लागलंच इचारतीन, तो दाराजवळचा कॅन कोणाकोणाच्या घरी जाते म्हून." तिने प्लास्टरच्या आत बोट घालून खाजवलं. "त्यायच्यापाशी या गावात एकच घर हाय. ते तं राहू दे."

मी गप्प बसले, पण डोकं बसेना. कारण बाबांनी त्या वर्षी अध्यक्षपद सोडायचं ठरवलं होतं. गुडघे दुखत होते, साखर वाढली होती. येत्या वार्षिक सभेत ते काकांचं नाव सुचवणार होते आणि बाबांनी सुचवलेलं नाव म्हणजे झालेलाच अध्यक्ष. काका तयार होते, किंबहुना जरा जास्तच तयार होते. पोरं दूर गेल्यावर त्यांना बसायला काहीतरी हवंच होतं. मला एकच जाणून घ्यायचं होतं. दाराजवळच्या कॅनची ही तऱ्हा सचिवाच्या डोक्यातून निघाली, की काकांच्या घरातून? काकांच्या घरातून निघाली असेल तर खुर्ची त्यांच्याकडे गेल्यावर वस्तीचं दूध जन्मभर भिंतीशीच राहणार होतं, आणि ते बाबा स्वतःच्या हाताने करणार होते.

अशात आमची थोरली म्हैस व्याली. व्यालेल्या म्हशीचं पहिलं दाट पिवळं दूध, म्हणजे चीक, आमच्याकडे आधी शेजारीपाजारी वाटतात. दर वेताला बाबांचा एक गंज, म्हणजे चिकाने भरलेलं पातेलं, काकांकडे जायचा. चिकाचं भांडं परत करायचं ते न धुता, आणि तळाला मूठभर ज्वारी किंवा साखर टाकून. धुतलं तर म्हैस आटते, असं आमच्यातही मानतात आणि त्यांच्यातही. काकांच्या घरून गंज नेहमी तसाच यायचा, कडेला पिवळी साय वाळलेली, आत मूठभर ज्वारी. बाबा तो गंज मला दाखवायचे. "पाह्य, खाल्ला. कडा चाटून खाल्ला." वस्तीतल्या पोरांनाही त्यांनी हा गंज पुराव्यासारखा दाखवलेला होता.

एरवी काकांचा सालदार गडी गंज न्यायला यायचा आणि तोच परत आणून द्यायचा. पण त्याचं साल पाडव्याला संपलं, तो दुसऱ्या गावी लागला आणि काकांनी नवा माणूस ठेवला नव्हता. म्हणून त्या वेळी गंज घेऊन मी गेले. काकू दारात आल्या, माझ्या आईच्या हाताची चौकशी केली, अगदी डोळ्यांत पाणी आणून केली. "बस, लगेच रिकामा करून देते," म्हणाल्या आणि गंज घेऊन आत गेल्या. मी ओट्यावर बसले. आतून बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग गंज बाहेर आला तो लखलखीत, घासलेला, पुसलेला, आणि त्यात साखर.

घरी आईने गंज हातात घेतला, आत बघितलं आणि फळीवर ठेवला. बाबांनीही बघितला. त्यांचं तोंड क्षणभर उतरलं, मग ते म्हणाले, "पुण्याची सून आली हाय त्यायच्याकडं. तिले काय कळते! घासला असन पोरीनं." सून आलेली होती हे खरं होतं. संशयाला सुद्धा प्रामाणिक राहावं लागतं.

पुढच्या आठवड्यात बाबा आणि मी वरवट बकालच्या बाजाराला गेलो. म्हशीला नवं दावं घ्यायचं होतं. बाबा दोरखंडवाल्याशी घासाघीस करत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी पाठ थोपटली. काकांच्या जुन्या सालदाराची बायको. हसतमुख बाई, डोक्यावर मिरच्यांचं गाठोडं.

"काय वं, थोरली म्हैस व्याली नाई का अजून?"

"व्याली ना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी."

"हो का? मंग यंदा चीक नाई आला आमच्याकडं! लेकरं इचारत होते." ती बाबांकडे वळली. "दर येताले येत होता ना भाऊ तुमचा गंज. लेकरं कडा चाटून चाटून खात. म्या कधी गंज धुतला नाई हो, तुमची म्हैस आटाची म्हून. ज्वारीबी टाकत होती आठवणीनं."

बाबांच्या हातात दावं तसंच राहिलं. दोरखंडवाला विचारत होता, घेता का ठेवता. त्या बाईला आपण काय बोललो याची कल्पनाच नव्हती. तिला वाटलं होतं, गंज बाबांनी तिच्याचसाठी पाठवलेला असायचा. बाबा म्हणाले, "पुढच्या येताले धाडतो, बाई. नक्की धाडतो." मग त्यांनी दावं घेतलं आणि सांगितला तो भाव देऊन टाकला.

परत येताना मोटरसायकलवर मी मागे बसले होते. एरवी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता आणि मला रडू येत होतं. या वेळी तरी माझा संशय खोटा निघायला हवा होता.

मला वाटलं, आता ते काकांचं नाव सुचवणार नाहीत. पण घरी त्यांनी तो विषयच काढला नाही. संध्याकाळी नेहमीसारखे ओट्यावर जाऊन आले. मला शंका आली की हा माणूस हेही पोटात घालणार आणि खुर्ची देऊन मोकळा होणार.

चीक संपून म्हशीचं दूध साफ झालं. एका सकाळी मी धार काढून उठत होते, तेव्हा बाबा किटली घेऊन आले. "यातच वत. आन् चाल माह्यासंग."

काका ओट्यावर पेपर वाचत बसले होते. बाबा त्यांच्या शेजारी टेकले आणि आत आवाज दिला, "वहिनी, दोन गिलास आणा." काकूंनी ग्लास आणले. सारखेच होते, स्टीलचे, हे मी आधी बघून घेतलं. बाबांनी दोन्ही ग्लासांत दूध ओतलं. अजून वाफ येत होती.

"घे बे. आताच काढलं पोरीनं."

काकांनी ग्लासाकडे बघितलं. मग पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "अरे, आज गुरुवार नाई का. शेगावच्या महाराजाचा उपास असते माहा."

बाबा हसले. मनापासून हसले, कारण त्यांना खरंच वाटलं की दोस्त थट्टा करतोय. "उपासाले दूध चालते बे! आमच्या घरी उपास नाई, तरी मले मालूम हाय."

काका हसले नाहीत. काकू दारातून घाईघाईने म्हणाल्या, "त्यायचा कडक उपास असते, भाऊजी." आतून साबुदाण्याच्या उसळीला घातलेल्या जिऱ्याचा खमंग वास येत होता. तो मला आला म्हणजे बाबांनाही आला असणार.

बाबांनी मान हलवली. आपला ग्लास उचलून दूध प्यायले. मग काकांचाही उचलला आणि तोही प्यायले, कारण दूध टाकून द्यायचं नसतं असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. मी नुसती बघत उभी होते. त्या माणसाच्या अंगावर किटली भिरकावून द्यावी असं मला वाटलं.

आम्ही उठलो तेव्हा काकांनी विचारलं, "सभेचं मंग पक्कं ना?"

"पक्कं," बाबा म्हणाले.

सभा डेअरीच्या अंगणातच होती, संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला, म्हणजे सगळे सभासद आपोआप जमतात. बाबा लवकर येऊन सचिवांच्या शेजारी उभे राहिले. "आज साऱ्याइच्या किटलीतलं एकएक माप दाराजवळच्या कॅनमधी वता," ते म्हणाले. सचिवांनी एकदा बाबांकडे, एकदा काकांकडे बघितलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांचा माप धरलेला हात सवयीने आतल्या भिंतीकडे वळला, मग थबकला आणि दाराकडे आला. आमचं दूध तिथे पडलं. त्या मावशीच्या गाईचं पातळ दूध पडलं, काकांच्या भावकीतल्यांचं पडलं. काही लोक एकमेकांना कोपराने ढोसत होते. काका पुढच्या खुर्चीवर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते.

बाबा बोलायला उभे राहिले. त्यांना भाषण कधीच जमलं नाही.

"मी आता ही खुर्ची सोडून राह्यलो. गुडघे ऐकत नाईत. नाव कोणाचं सुचवाचं ते साऱ्याइले मालूम हाय. पण एक गोष्ट. ज्यानं इथं बसावं त्याले साऱ्याइचं दूध चाललं पायजे. आज या कॅनमधी साऱ्या गावाचं दूध हाय, वस्तीचंबी हाय." त्यांनी कॅनमध्ये एक ग्लास बुडवला, स्वतः प्यायले, पुन्हा बुडवला आणि भरलेला ग्लास काकांपुढे धरला. "घे."

मला मनातून वाटत होतं, काका उठून जातील. शेतात काम निघालं म्हणतील, पोटात गडबड आहे म्हणतील. त्या क्षणी त्यांनी तसं केलं असतं तर मला त्यांचा कमी राग आला असता.

काका उठले. ग्लास घेतला, सगळीकडे एकदा बघून हसले आणि घटाघटा दूध पिऊन टाकलं. एका दमात, शेवटच्या थेंबापर्यंत. मिशी पुसली आणि मोठ्याने म्हणाले, "गोड हाय!"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी बाबांनीच वाजवली. सचिवांनी लगबगीने हार पुढे केला, तो बाबांनी काकांच्या गळ्यात घातला, डेअरीच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. वस्तीतली पोरंही खूश होती. एकजण माझ्या कानाशी म्हणाला, "पाह्यलं ताई, भाऊनं कसं पाजलं!" आता दूध कोणत्या कॅनमध्ये पडतं यावर सगळ्या गावाचं लक्ष राहणार होतं, आणि काकांना चारचौघांत प्यायलेलं दूध नाकारता येणार नव्हतं. मला आतून बाबांचा अभिमान वाटला. हा माणूस मला वाटतो तेवढा भोळा नाही, असंही वाटलं.

घरी निघालो. रस्त्यात त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "जिंकले ना बाबा. शेवटी प्यावंच लागलं त्यायले."

वस्तीचा दिवा दिसायला लागला तेव्हा बाबा थांबले. गुडघा दुखत असेल म्हणून मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही.

"म्हंजे," ते म्हणाले, "पेता येत होतं त्याले."